डॅशकॅम बसवताना: पुढची काच, मागची काच आणि मधली वायर

कात्रजच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. माझी गाडी हँडब्रेकवर उभी होती. मागून धाडकन धक्का बसला. मागच्या गाडीतले गृहस्थ खाली उतरले आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अहो, तुमचीच गाडी मागे आली." चढावर हे वाक्य नेहमी ऐकू येतं. ते खोडून काढायला साक्षीदार मिळत नाही, कारण बाकीचे हॉर्न वाजवत निघून जातात. मी निर्धास्त होतो, गाडीत डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं सतत चित्रण करणारा कॅमेरा होता. घरी येऊन त्यातलं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं तर शेवटची फाइल सात आठवड्यांपूर्वीची. कॅमेऱ्याचा दिवा रोज लागत होता, पडद्यावर रस्ता दिसत होता, पण कार्ड कधीच मेलेलं होतं. चित्रण असतं तर पुढच्या कॅमेऱ्यातूनही माझी गाडी जागची हलली नव्हती हे दिसलं असतं. मागे कॅमेरा असता तर वादच उरला नसता.

त्यानंतर माझ्या, मेहुण्याच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून बऱ्याच गाड्यांत पुढचे-मागचे कॅमेरे मी स्वतः बसवले. एका शनिवारच्या सकाळचं काम आहे. दुकानात जाऊन बसवून घेणार असाल तरी हे वाचा, म्हणजे तिथे उभं राहून काय बघायचं ते कळेल.

घेताना काय बघायचं

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात 'फोर के' लिहिलेलं असतं. नवखा माणूस तिथेच अडकतो. मी आधी विचारतो की आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर. गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट साठवून बंद करायला कॅमेऱ्याला काही सेकंद वीज लागते, ती यांपैकी एकातून येते. जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत काचेजवळचं तापमान साठ-सत्तर अंशांच्या घरात जातं. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत फुगते, कॅमेऱ्याचं कवच उचकटते. सुपरकपॅसिटर ती उष्णता सोसतो. आपल्याकडे सुपरकपॅसिटरच घ्यावा, यावर मी तडजोड करत नाही.

आता चित्राचा दर्जा. साध्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ठिपके असतात. टू के मध्ये सुमारे ३७ लाख आणि खऱ्या फोर के मध्ये सुमारे ८३ लाख. म्हणून फोर के लिहिलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर निदान आठ मेगापिक्सेलचा हवा. दोन मेगापिक्सेलचा असेल तर ते चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं आहे, त्यात नवीन काही दिसत नाही. सेन्सरचं नाव दिलेलं नसेल तर तो कॅमेरा सोडून द्यावा. सोनीचे स्टारव्हिस मालिकेतले सेन्सर अंधुक उजेडात चांगलं काम देतात. आयएमएक्स ३३५ पाच मेगापिक्सेलचा आहे, आयएमएक्स ४१५ आणि त्यानंतरचा आयएमएक्स ६७८ आठ मेगापिक्सेलचे. पुढे टू के आणि मागे फुल एचडी ही जोडी बहुतेकांना पुरते.

अपेक्षा मात्र आधीच नीट ठेवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये गाडी अर्ध्या मीटरहून जास्त सरकलेली असते. समोरून येणारी गाडीही तेवढ्याच वेगात असेल तर हे अंतर मीटरभराच्या वर जातं. रात्री शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे समोरच्या गाडीची नंबरप्लेट पुसट होते. कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी हे पूर्ण टळत नाही. घटना कशी घडली, सिग्नल कोणता होता, कोण कोणत्या लेनमध्ये होतं, हे मात्र साधा कॅमेराही स्पष्ट सांगतो. नंबर पुसट येतो म्हणून रात्री उलट बाजूने कोणी येताना दिसलं की मी गाडीचा नंबर मोठ्याने म्हणतो. माईक चालू असेल तर तो आवाजात नोंदला जातो.

जीपीएस असेल तर वेग आणि जागा चित्रणासोबत नोंदली जाते. ते दुधारी आहे, तुमचाही वेग त्यात येतो. मी तरी चालू ठेवतो. लेन्सचा कोन १३० ते १४० अंश पुरे. १७० अंशांत रस्ता तर सगळा येतो, पण समोरची गाडी लांब आणि लहान दिसते.

कार्ड: इथे कंजुषी नको

माझा घात इथेच झाला होता. मोबाइलमधलं जुनं कार्ड मी कॅमेऱ्यात टाकलं होतं. मोबाइलमध्ये कार्डावर कधीतरी फोटो पडतो. डॅशकॅममध्ये गाडी चालू असेपर्यंत अखंड लिहिणं आणि पुसणं चालतं. त्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' म्हणून वेगळी कार्डं मिळतात. त्यावर यू३ किंवा व्ही३० ही खूण बघून घ्या.

किती मोठं हवं, त्याचा हिशेब सोपा आहे. पुढचा टू के कॅमेरा सेकंदाला साधारण २० मेगाबिट आणि मागचा १२ मेगाबिट लिहितो असं धरा. एकूण ३२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबाइट, तासाला १४.४ गिगाबाइट. ६४ जीबीच्या कार्डात साडेचार तासांपेक्षाही कमी प्रवास मावतो, त्यानंतर जुनं पुसून नवीन चढत जातं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ५ जून २०२५ पासून तो नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत सलग खुला आहे. ताशी सरासरी १०० ने गेलात तरी सात तास लागतात आणि जवळपास १०० जीबी भरतात. सकाळी वर्ध्याजवळ काही घडलं आणि ते बघायची आठवण रात्री ठाण्याला पोहोचल्यावर झाली, तर ६४ जीबीच्या कार्डावर ते उरलेलं नसेल. १२८ जीबीचं घ्या. कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो तेही माहितीपत्रकात बघा.

बाजारात बनावट कार्डं भरपूर आहेत. १२८ लिहिलेलं असतं आणि आत १६ च असतात. कॅमेऱ्यात टाकण्याआधी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने कार्ड तपासा. पूर्ण कार्ड भरून परत वाचायला त्याला तास-दोन तास लागतात, लागू द्या.

चिकटवण्याआधी

सगळं आधी टेबलावर जोडून चालवून बघा. पुढचा कॅमेरा, मागचा कॅमेरा, लांब वायर, कार्ड. गाडीचं अस्तर उचकटून सहा मीटर वायर घातल्यावर मागचा कॅमेरा लागत नाही हे कळलं तर सगळं परत काढावं लागतं. मागच्या कॅमेऱ्याची वायर आपल्या गाडीला पुरेल का तेही आत्ताच छतावरून अंदाजे टाकून बघा. वायर छताच्या कडेकडेने जाते, सरळ नाही, हे लक्षात ठेवून. हॅचबॅकला सहसा सहा मीटर पुरतात. तीन रांगांच्या गाडीला जास्त लागेल.

सामान थोडंच लागतं: प्लॅस्टिकची पट्टी (लोखंडी स्क्रू ड्रायव्हर अस्तरावर कायमचे वण पाडतो), कापडी टेप, काही झिप टाय, मल्टीमीटर, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. काच पुसायला नेहमीचा ग्लास क्लीनर वापरू नका, त्याचा थर राहतो आणि टेप धरत नाही.

पुढच्या काचेवर जागा

आरशाच्या मागे, डाव्या बाजूला. चालकाच्या सीटवरून कॅमेरा आरशाआड गेला पाहिजे. बाहेरून वायपर फिरवून त्याच्या वाटेत लेन्स येते का ते बघा, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा फक्त थेंब टिपेल. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्या खडबडीत पट्ट्यावर टेप नीट बसत नाही, त्याच्या खाली या. फास्टॅगवर किंवा त्याला खेटून कॅमेरा लावू नका. गाडीत एडास असेल, म्हणजे आरशामागे कंपनीचा स्वतःचा कॅमेरा असेल, तर त्याच्या नजरेसमोर आपला कॅमेरा किंवा वायर चुकूनही येता कामा नये. पावसाच्या सेन्सरचंही तेच.

कॅमेरा चालू करून, मोबाइलवर चित्र बघत, हाताने धरून जागा ठरवा. क्षितिज चित्राच्या मध्याच्या किंचित वर यावं. खाली बॉनेटची कड थोडीशी दिसावी, कारण गाडी लेनमध्ये कुठे होती हे त्यावरून कळतं. जागेवर काचेच्या बाहेरून खडूने खूण करा, मग आतून अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, टेप लावून अर्धा मिनिट घट्ट दाबा. टेपची पूर्ण पकड बसायला दिवसभर लागतो. मी एकदा पावसाळी गार सकाळी ओलसर काचेवर कॅमेरा चिकटवला, तो दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या घाटात मांडीवर पडला. काच कोरडी आणि कोमट हवी.

वायर आणि एअरबॅग

या भागात घाई करू नका.

कॅमेऱ्यापासून वायर वर छताच्या अस्तरात पट्टीने हलकेच सरकवा. ती ज्या बाजूला फ्यूज बॉक्स आहे त्या बाजूच्या खांबाकडे न्या. आपल्याकडे तो बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली असतो. मग येतो काचेशेजारचा उभा खांब, ए-पिलर. त्यावर 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं असेल तर आत पडदा एअरबॅग घडी घालून ठेवलेली आहे. ती उघडताना क्षणार्धात बाहेर येते. वायर तिच्यावरून, म्हणजे एअरबॅग आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनामध्ये गेली असेल, तर एअरबॅगच्या उघडण्याला अडथळा होतो. अपघातात जीव वाचवणाऱ्या वस्तूच्या वाटेत आपण वायर ओढतो, असा त्याचा अर्थ. वायर एअरबॅगच्या मागून, धातूच्या बाजूने, गाडीच्या मूळ वायरींसोबत झिप टायने बांधून खाली न्यावी लागते. त्यासाठी खांबाचं आच्छादन काढावं लागतं आणि काही गाड्यांत त्याच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. हे जमेल अशी खात्री नसेल तर आच्छादनाला हात लावू नका. दाराचं रबरी बीडिंग ओढून काढा, वायर बीडिंगखालच्या धातूच्या कडेला धरून खाली न्या, बीडिंग परत दाबून बसवा. दुकानात बसवून घेत असाल तर कारागिराला सरळ विचारा, "एअरबॅगच्या मागून नेणार ना?" तो गडबडला तर दुसरं दुकान शोधा.

वीज कुठून घ्यायची

सगळ्यात सोपा मार्ग सिगारेट लायटरच्या सॉकेटचा. चावी बंद केल्यावर सॉकेट बंद होतं का ते बघा. काही गाड्यांत होत नाही. पहिली गाडी, भाड्याची गाडी किंवा वॉरंटीची धास्ती असेल तर इथेच थांबा, त्यात काही कमीपणा नाही. मात्र कॅमेऱ्यासोबत आलेला चार्जरच वापरा; स्वस्त चार्जरने एफएमवर खरखर येते आणि कधी जीपीएसही अडखळतो.

गाडी उभी असतानाही चित्रण (पार्किंग मोड) हवं असेल तर हार्डवायर किट लागतं. ते १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतं. त्याला तीन वायरी असतात. बहुतेक किटमध्ये पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला, लाल चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या फ्यूजला आणि काळी अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या धातूला. तरी आपल्या किटवरची चिठ्ठी वाचूनच जोडा.

कुठलीही मूळ वायर कापायची किंवा सोलायची नाही. एका ॲक्सेसरीवाल्याने माझ्या मेहुण्याच्या गाडीची केबिन लाइटची वायर सोलून त्यावर पिळा मारला होता, वर नुसती टेप. ती टेप पुढच्या उन्हाळ्यात सुटली. वायर न कापता वीज घ्यायला फ्यूज टॅप नावाची चाळीस-पन्नास रुपयांपासून मिळणारी छोटी वस्तू असते. मूळ फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप बसवायचा, मूळ फ्यूज टॅपच्या एका खाचेत आणि कॅमेऱ्याचा लहान फ्यूज दुसऱ्या खाचेत. फ्यूजचे आकार वेगवेगळे असतात, म्हणून आपला एक फ्यूज काढून दुकानात नमुना म्हणून न्या.

टॅपला दिशा असते. फ्यूज काढलेल्या जागेत मल्टीमीटरने बघा, दोनपैकी कोणत्या खाचेत १२ व्होल्ट येतात. टॅपची वायर ज्या टोकातून बाहेर निघते, त्याच्या विरुद्ध टोकाचा पाय या जिवंत खाचेत यायला हवा. उलटं बसवलं तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग कॅमेऱ्याचा भार मूळ फ्यूजवरही पडतो.

कोणता फ्यूज निवडायचा? लाल वायरीसाठी सॉकेटचा किंवा मागच्या वायपरचा चांगला. पिवळ्यासाठी केबिन लाइटचा. एअरबॅग, एबीएस, इंजिन आणि स्टीअरिंगच्या फ्यूजना हात लावायचा नाही. नव्या गाड्यांत एक फसवी गोष्ट आहे: गाडी लॉक केल्यावर अर्ध्या तासाने काही फ्यूजांची वीज आपोआप जाते. म्हणून 'कायम' वाटणारा फ्यूज गाडी लॉक करून, अर्ध्या तासाने परत मोजा. काळी वायर रंग नसलेल्या, थेट धातूत गेलेल्या बोल्टखाली घट्ट आवळा.

आता बॅटरीचा हिशेब. कॅमेरा ३ वॅट घेत असेल तर १२ व्होल्टवर तो पाव अँपिअर झाला. दिवसभरात ६ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. तीन दिवस गाडी हलवली नाही तर अर्धी बॅटरी गेलीच. म्हणून किटमधला व्होल्टेज कटऑफ १२.२ वर ठेवा. बॅटरी तिथे पोहोचली की कॅमेरा स्वतःहून बंद होतो. कोकणात गावी जाऊन आठवडाभर गाडी अंगणात उभी राहणार असेल तर पार्किंग मोड बंदच करा.

मागचा कॅमेरा

सेडानमध्ये हे सोपं आहे, वायर छताच्या डाव्या कडेने मागच्या काचेपर्यंत जाते. हॅचबॅक आणि एसयूव्हीत डिकीचं दार हलतं, आणि तिथे सगळ्यांची फसगत होते. छप्पर आणि दार यांच्यामध्ये रबराची लवचीक नळी असते, गाडीच्या स्वतःच्या वायरी त्यातून जातात. आपलीही वायर त्यातूनच न्यायची. नळीची दोन्ही टोकं हलकेच सोडवा, आतून आधी एक कडक तार किंवा लांब झिप टाय सरकवा, त्याला वायरीचं टोक टेपने बांधून ओढून घ्या. वायर अडली तर थोडं साबणाचं पाणी लावा. नळी परत नीट बसली नाही तर पावसाळ्यात पाणी आत येतं, म्हणून बोट फिरवून कड तपासा. वायर बाहेरूनच दारात चेपून नेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. काही महिन्यांत ती तुटते. शेवटी डिकी पूर्ण उघडून आणि बंद करून बघा, वायरीला ढील राहिली पाहिजे.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, बारीक तपकिरी रेघा असतात. टेप त्यांच्यावर लावली तर पुढे काढताना रेघ उखडते. दोन रेघांच्या मध्ये किंवा सगळ्यात वरच्या रेघेच्या वर जागा शोधा. मागे वायपर असेल तर तो पुसतो त्या भागात. आणि चित्र उलटं दिसत असेल तर सेटिंगमध्ये ते फिरवता येतं, कॅमेरा उपटू नका.

सेटिंग

वेळ आधी: भारतीय वेळ, जीएमटी अधिक साडेपाच तास. चुकीच्या तारखेचं चित्रण समोरच्या वकिलाला आयतं कोलीत देतं. वारंवारिता ५० हर्ट्झ ठेवा, ६० वर रस्त्यावरचे दिवे लुकलुकताना दिसतात. फाइलची लांबी एक किंवा तीन मिनिटं. धक्का ओळखणारा सेन्सर सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर, कारण आपल्या रस्त्यांवर प्रत्येक गतिरोधक त्याला अपघात वाटतो. तो फाइल कुलूपबंद करतो आणि कुलूपबंद फाइलींनी कार्ड भरून जातं. माईक चालू ठेवणार असाल तर गाडीत बसणाऱ्यांना सांगा.

महिन्यातून एकदा, आणि गरज पडेल तेव्हा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कार्ड काढून पुढची आणि मागची एकेक फाइल लॅपटॉपवर उघडून बघतो, कालची तारीख आहे का ते तपासतो, मग कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करतो. पाच मिनिटं लागतात. कॅमेऱ्याच्या दिव्यावर माझा आता विश्वास नाही.

अपघात झालाच तर आधी माणसं बघा, ११२ ला फोन करा. मग कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढा आणि दुसरं टाका, म्हणजे पुढचा प्रवास त्यावर चढणार नाही. एक जास्तीचं कार्ड म्हणूनच गाडीत ठेवावं. फाइल कापू नका, तिच्यावर बाण-वर्तुळं काढू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन लहान होतो, तो दाखवण्यापुरता. मूळ फाइल जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर घ्या आणि कार्ड लिफाफ्यात बंद करून तारीख लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश संख्या लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ती संख्या बदलते. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' ही आज्ञा देऊन ती घरीच काढता येते. त्याच दिवशी काढा, कागदावर उतरवा आणि लिफाफ्यात कार्डासोबत ठेवा.